खुर्ची भिजू दे

शालनला शेवटचा घास मी भरवला. शेजारच्याच खोलीत राहणाऱ्या माणसाची शेवटची भेट कोणती, हे त्या वेळी कळत नाही. मला ती दुपार इतर दुपारींसारखीच वाटली होती. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत कूलरचा एकसुरी आवाज, आणि माझ्या हातात पेजेची वाटी. तांदळाची पातळ पेज, चवीपुरतं मीठ, वर थेंबभर तूप. मी चमचा ओठांशी नेला, तर तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. मला वाटलं, नको असेल. "शालन, दोन चमचे तरी घे गं," मी म्हटलं. बोलणं तर केव्हाच बंद झालं होतं. तिने हाताची बोटं चादरीवरून किंचित वर उचलली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. त्या नजरेत आजारपण नव्हतं, चक्क राग होता. मग माझ्या लक्षात आलं. मी तिला आडवीच ठेवून भरवायला निघाले होते! मी तुमच्या आजोबांना हाक मारली. दोघांनी मिळून तिला उठवून बसवलं, पाठीला उशा लावल्या, मान जराशी पुढे झुकवली. तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. थोडी पेज पोटात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

ईशान, रेवा, तुम्ही दोघांनी ते सगळं फोनवर पाहिलंत, एक जण व्हँकुव्हरहून, एक मँचेस्टरहून. त्यानंतर काही दिवसांनी रेवाने मला विचारलं होतं, इंग्रजीतच, की आत्याआजी टांझानियाला जाऊन नेमकं करायची तरी काय? तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता वर्तमानपत्राच्या या पुरवणीने शालनवर लिहायला सांगितलं आहे. वाचकांनी क्षमा करावी, मी हे माझ्या नातवंडांना उद्देशून लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, उभा जन्म मी शाळेत इंग्रजी शिकवलं, पण शालनविषयी इंग्रजीत लिहायला हात धजत नाही. ती तुमच्याशी मिरजेच्या मराठीत बोलायची, तुम्ही तिला इंग्रजीत उत्तरं द्यायचात, आणि कुणाचंच कुठे अडायचं नाही. हे वाचताना अडलंच कुठे, तर बाबा फोनवर वाचून दाखवील.

शालन तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. फिजिओथेरपी शिकली मुंबईला. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची सोयही ठेवली नाही. आजोबांची बदली चंडीगडला झाली तेव्हा ती चार दिवस राहायला म्हणून आली. इथल्या एका सरकारी इस्पितळात जागा निघाली, ती तिला मिळाली आणि ती राहिली ती कायमचीच. आमच्या पुढे आणखी बदल्या झाल्या. ती मात्र सेक्टर बावीसमध्ये एका सरदारजींच्या घरात वरची खोली घेऊन एकटी राहिली. निवृत्तीनंतर आम्ही इथेच घर बांधलं तेव्हा तिची खोली नकाशात आधी काढली आणि आमची नंतर.

तिचं काम मी कितीतरी वेळा पाहिलं. खुब्याचं हाड मोडलेल्या, लकव्याने एक बाजू गेलेल्या, अपघातात पाय अधू झालेल्या माणसांना ती उभं करायची. आवाज चढा, हात मात्र अतिशय सावध. "बीबी जी, होर ज़ोर लाओ! रोटी खाधी है कि नहीं?" आणखी जोर लावा, पोळी खाल्लीत की नाही, असं ती एखाद्या जाडजूड पंजाबी आजीला दरडावायची आणि ती आजी रडता रडता हसायची. घरी आली की तोच आवाज माझ्यावर. "वहिनी, पाठीत पोक काढून भाजी निवडू नकोस. उद्या माझ्याकडेच येशील, आणि मी घरच्यांना सवलत देत नाही."

तिच्या आणि आजोबांच्या स्वभावातली एक गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे, कारण तुम्ही तिची थट्टा करत आलात. वस्तू जपायची. मिरजेला त्यांच्या घरी नवी छत्री प्लास्टिकच्या पिशवीसकट वापरायचे. पुस्तकाला पुठ्ठा घातल्याशिवाय पहिलं पान उघडायचं नाही. पाहुण्यांसाठीचे कप पाहुणे आले तरी काढायचे नाहीत, कारण याहून मोठे पाहुणे येतील. आमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक ईशानने एकदा फाडलं, तेव्हा आजोबा आणि शालन, दोघांचीही तोंडं दिवसभर उतरलेली होती. "अगं, रिमोट झिजायचा!" शालन म्हणाली होती. मला या सगळ्याचं हसू यायचं. माझा नीटनेटकेपणा वेगळा होता, मला वस्तू जागच्या जागी लागतात; त्यांना त्या नव्याच्या नव्या लागायच्या.

टांझानियाचं निघालं ते तिच्या निवृत्तीनंतर. तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण तिकडे जाऊन आली होती. देशाच्या दक्षिणेला डोंगराळ मुलूख आहे, तिथे चर्चने चालवलेला एक छोटा दवाखाना आहे, एक नर्स आहे, पण आसपासच्या कुठल्याच गावात व्यायामाचे उपचार जाणणारं माणूस नाही. स्वखर्चाने यायचं, महिना-दीड महिना राहायचं, दवाखान्यामागच्या खोलीत झोपायचं. शालनला इथल्या उन्हाळ्यापासून सुटका हवी होती असं ती सांगायची. जूनमध्ये आपल्याकडे अंगाची लाही होते, तिकडे तेव्हा स्वेटर घालायची थंडी. "हिल स्टेशनला चाललेय, वहिनी," ती म्हणाली. त्यानंतर दर जूनमध्ये ती जात राहिली. गावातल्या बाया तिला मामा म्हणायच्या. त्यांच्याकडे मामा म्हणजे आईच्या वयाची बाई. हे ऐकून तुम्ही दोघं केवढे हसला होतात... आत्याआजी मामा झाली!

तिच्याकडे म्हातारी माणसं यायची, मोटारसायकलवरून पडलेले तरुण यायचे, पण तिचा जीव गुंतला तो मुलांत. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला तर मूल बसत नाही, मान धरत नाही, हातपाय आखडतात. अशी मुलं त्या डोंगरात बरीच होती. आया त्यांना पाठीला कापडाने बांधून शेतावर नेत आणि घरी आणल्यावर मांडीवर आडवं घेऊन मक्याच्या पिठाची पेज पाजत. शालन मला म्हणाली होती, "वहिनी, ही मुलं त्या दुखण्याने मरत नाहीत. जेवताना मरतात. आडवं घेऊन पाजलं की पेज श्वासनळीत उतरते, छाती भरते, आणि एक दिवस ताप येऊन मूल जातं. लोक म्हणतात, अशक्तच होतं." उपाय साधा होता. मुलाला ताठ बसवायचं, मान जरा पुढे, आणि मग चमचा. पण जे मूल बसतच नाही त्याला बसवायचं कशात?

त्यासाठी तिने कागदाच्या खुर्च्या शिकून घेतल्या. जुने कागद आणि पुठ्ठे पिठाच्या खळीने थरावर थर चिकटवायचे, उन्हात वाळवायचे, पुन्हा थर द्यायचे. वाळल्यावर ते लाकडासारखं कडक होतं. प्रत्येक मुलाच्या मापाची खुर्ची: कुणाला डोक्यामागे आधार, कुणाला मांड्यांमध्ये खुंटी, समोर वाटी ठेवायला फळी. पहिली खुर्ची तिने आमच्या गच्चीवर केली. तेव्हापासून घरातलं वर्तमानपत्र रद्दीत जाणं बंद झालं, कारण त्या गावात कागदच मिळत नव्हता. शेजाऱ्यांकडचेही कागद ती गोळा करायची. आमचा कबाडीवाला एकदा फाटकाशी उभा राहून, वर्तमानपत्रं खाता की काय, अशा सुरात म्हणाला, "मैडम जी, तुसी अखबार खांदे हो?" शालन म्हणाली, "हां जी, परांठे बनांदी हां!" दिल्लीच्या विमानतळावर तिची बॅग उघडली की आत दोन साड्या, औषधं आणि उरलेलं सगळं वर्तमानपत्र.

एका वर्षी तिने तिकडून व्हिडिओ पाठवला होता, दिवाळीत आपण सगळ्यांनी मिळून पाहिला, आठवतो? दवाखान्याच्या ओट्यावर आया बसल्या आहेत, समोर रंगवलेल्या, पॉलिश केलेल्या नव्या खुर्च्या, आणि शालन शिक्षिकेसारखी बोट उगारून विचारते आहे. तिला त्यांची भाषा थोडीच यायची. "माजी?" म्हणजे पाणी. सगळ्या बाया एका सुरात ओरडतात, "हापाना!" म्हणजे नाही. "माजी?" "हापाना!" कागदाची खुर्ची, ओली झाली की संपली. म्हणून ती घोकून घेत होती. पुढच्या रांगेत निळ्या कापडातली एक हसरी बाई आहे, ती रेहेमा. तिच्या मांडीवर मोठ्या डोळ्यांची मुलगी, ती नीमा. नीमा तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. त्या खुर्चीत बसून तिने पहिल्यांदा समोरचं अंगण पाहिलं, असं शालन सांगायची. तोवर तिने फक्त छप्पर पाहिलेलं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी शालन परत आली ती वेगळीच. दोन दिवस बॅगही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते, ती समोर येऊन बसली, एक शेंग उचलली आणि ती हातातच धरून सांगू लागली. रेहेमाच्या घरी ती चढ चढून गेली होती. दाराशी बाया बसलेल्या पाहूनच तिला कळलं. नीमा पावसाळ्यात गेली होती. छाती भरून. शालनने विचारलं, खुर्ची? रेहेमा आत गेली, शिडी लावून माळ्यावर चढली आणि कापडात गुंडाळलेलं एक गाठोडं घेऊन खाली आली. ते तिने शालनसमोर उघडलं.

"नवी कोरी, वहिनी. तशीच. पॉलिशसुद्धा गेलं नव्हतं."

मला अजून अर्थ लागला नव्हता.

"त्यांची छपरं गळतात पावसात. आणि नीमा जेवताना सांडायची, लाळ गळायची. पेज म्हणजे पाणीच ना? मी पाणी नको म्हणून सांगितलं होतं. म्हणून पावसाळाभर त्यांनी खुर्ची वर ठेवून दिली. जेवताना तर कधीच बसवली नाही. मांडीवर घेऊन पाजलं... खुर्ची खराब होऊ नये म्हणून."

मग म्हणाली, "एका कोपऱ्याला उंदराने जरासं कुरतडलं होतं. त्याबद्दल तिने माझी माफी मागितली. दोन्ही हातांनी खुर्ची माझ्या पुढ्यात धरली आणि म्हणाली, मामा, सांभाळली होती."

ती शेंग तिने सोललीच नाही. टेबलावर ठेवून उठून गेली. शालन जूनमध्ये जायची, कोरड्या ऋतूत. तिथला पाऊस तिने कधी पाहिलाच नव्हता.

त्यानंतर तिला एकच ध्यास लागला. बाकीच्या घरांतल्या खुर्च्याही अशाच माळ्यावर असतील, आणि बाकीची मुलं मांडीवर आडवी. नीमा गेल्याचं कळल्यावर तिने जमेल तेवढ्या घरांत खुर्ची भिजली तरी चालेल असं सांगितलं होतं, पण परतीचं तिकीट ठरलेलं होतं, आणि आया ऐकून नुसत्या मान हलवत होत्या. एवढं घोकून घेतलेलं असं एका वाक्याने थोडंच पुसलं जातं? पुन्हा पाऊस पडला की खुर्च्या पुन्हा वर चढणार, हे तिला दिसत होतं. पावसाच्या दिवसांत तिथे जायचं, असं तिने ठरवलं.

आणि मग पोटदुखी. तिने अंगावर काढली, मग तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टर तरुण होते, शालननेच कधीकाळी त्यांच्या वडिलांना चालतं केलं होतं, त्यामुळे त्यांनी काही लपवलं नाही. औषधाने काही महिने मिळतील, पण ते महिने औषधातच जातील. शालनने पहिला प्रश्न विचारला तो असा: "जानेवारीत विमानात बसता येईल का?"

घरी त्यावरून जे भांडण झालं ते मी विसरणार नाही. तुमचे आजोबा फौजेतले, पण आवाज चढवणारे नव्हेत. त्या दिवशी चढला.

"फोन कर ना त्यांना! व्हिडिओ कॉल कर. ती नर्स आहे ना तिथे? तिला सांग, ती सांगेल."

"सांगितलंय दादा. ती सांगतेय. बाया म्हणतात, मामाने स्वतः सांगितलं होतं पाणी नको, तू कोण?"

"मग मरायला जातेस का तिकडे?"

"मरायचं इथेही आहेच की. तिथे निदान तू ओरडायला नसशील."

आजोबा उठून अंगणात गेले आणि थंडीत तसेच उभे राहिले. मी मध्ये पडले नाही. रात्री जेवताना मी एवढंच म्हटलं की मी बरोबर जाते. शालन म्हणाली, "वहिनी, तिथे बेडशीट रोज बदलत नाहीत हं."

धुक्यामुळे आमचं दिल्लीचं प्रस्थानच अर्धा दिवस लांबलं. विमान, एक मुक्काम, मग दिवसभराची बस, आणि शेवटी दवाखान्याची जुनी जीप. लाल माती, आणि त्यावर असा पाऊस की समोरचा डोंगर तासन्‌तास दिसेना. जीप दोनदा रुतली. शालन मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, तिच्या कपाळाला घाम होता. गोळ्यांची वेळ मी पाहत होते. तिथली नर्स, सिस्टर अगाथा, छत्री घेऊन रस्त्यापर्यंत आली होती. तिने शालनचे दोन्ही हात धरले. तिला इंग्रजी येत होतं, त्यामुळे पुढचं सगळं मला तिच्या तोंडून समजत गेलं.

सिस्टरने आयांना बोलावलं. त्या भिजत आल्या, पाठीला मुलं बांधून, आणि खुर्च्या... खुर्च्या त्यांनी प्लास्टिकमध्ये, कापडात, गोणपाटात गुंडाळून डोक्यावरून आणल्या होत्या. मुलांची डोकी भिजलेली आणि खुर्च्या कोरड्या. शालनने ते पाहिलं आणि भिंतीला हात टेकला. सगळ्या खुर्च्या सोडवून ओट्यावर मांडल्या. एक-दोन सोडल्या तर सगळ्या नव्याच्या नव्या. मला मिरजेचं घर आठवलं.

शालनला फार वेळ उभं राहवत नव्हतं. ती स्टुलावर बसली, तिने पाण्याचा जग मागितला आणि समोरच्या खुर्चीवर ओतला. सगळाच्या सगळा. बायांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. मागे बसलेली एक म्हातारी मोठ्याने काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. सिस्टर मला म्हणाली, "ती म्हणते, हिंदुस्थानी मामाला म्हातारचळ लागला." म्हातारीचा नातू बराका तिच्या पाठीवर होता, त्याची आई शहरात कामाला गेलेली. शालननेही हसून घेतलं. मग तिने बराकाला त्या ओल्या खुर्चीत बसवायला लावलं, पेजेची वाटी मागवली आणि चमचा म्हातारीच्या हातात दिला. बराका सांडत होता, खुर्चीवर ओघळ येत होते, आणि शालन दर ओघळाला "बरोबर" म्हणत होती. मराठीतच. म्हातारीचा हात मात्र राहून राहून पदराकडे जात होता, पुसायला.

मग म्हातारीनेच विचारलं. आता हसू नव्हतं. "आणि ही मोडली की? तू येणार आहेस दुसरी करायला?"

शालनने माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही," ती म्हणाली. "मी नाही येणार. तुम्ही करायची. मी दाखवते." कागद कुठून आणणार, असं एकीने विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाली, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आहेत, दुकानाचे पुठ्ठे आहेत. शालनचा चेहरा उजळला. तिने खळ करायला पीठ मागितलं.

कुणी हललं नाही.

सिस्टर हळूच म्हणाली, "मामा, या दिवसांत पीठ नसतं. नवा मका यायला अजून दोन-तीन महिने आहेत. आता यांच्याकडे एक वेळ शिजतं. तुम्ही नेहमी सुगीनंतर येता." इतकी वर्षं शालन पिठाची खळ शिकवत होती, भरल्या घरांत. पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेवटी तीच म्हातारी उठली, तिने शालनच्या खांद्यावर हात ठेवला आणि जे बोलली ते सिस्टरने मला सांगितलं: "मका येऊ दे, मग करू. तोवर हीच भिजवू."

दुसऱ्या दिवसापासून शालन दवाखान्याच्या खाटेवरून उठू शकली नाही. आया येत राहिल्या. ती पडल्या पडल्या एकीकडून दुसरीला शिकवून घ्यायची. पिठाऐवजी हाताने हवेत खळ लावून दाखवायची. रेहेमाही आली एके दिवशी. तिच्या पाठीवर आता कुणी नव्हतं. ती खाटेच्या कडेला बसली, शालनचे पाय दाबत राहिली. मला बाहेर जावंसं वाटलं.

परत आल्यावर शालन तीन-साडेतीन महिने होती. सिस्टर अगाथा महिन्यातून एकदा लसी द्यायला गावोगाव फिरते, तेव्हा ती प्रत्येक खुर्चीचा फोटो काढून शालनच्या फोनवर पाठवायची. शालन उशीला टेकून एकेक फोटो बोटांनी मोठा करायची. पेजेचे डाग, चिखल, फुगलेले कोपरे, उडालेलं पॉलिश. "बघ वहिनी, कसली घाण केलीय! शाब्बास." त्या काळात ती खुश झालेली मी फक्त तेव्हाच पाहिली. स्वच्छ खुर्ची दिसली की तिचं जेवण सुटायचं. मग ती माझ्याकडून सिस्टरला लिहवून घ्यायची: त्या घरी पुन्हा जा.

ती गेल्याचं मी सिस्टरला कळवलं. चर्चमध्ये घंटा वाजवली, असं तिने लिहिलं. फोटो येणं थांबेल असं मला वाटलं होतं, पण ते आले, आणि मी ते बंद करा असं लिहिलं नाही. शालनची खोली मी आवरली, कपडे दिले, औषधं परत केली. फोन मात्र तिच्या खिडकीत चार्जरला लावलेला असतो. महिन्याच्या सुरुवातीला आजोबा स्वतःच विचारतात, "आले का?" मग मी चष्मा लावून तिच्या पलंगावर बसते आणि डाग शोधते. आयुष्यभर घरातले डाग काढणारी मी...

परवा या महिन्याचे फोटो आले. सगळ्या खुर्च्या घाण होत्या, एक सोडून. ती अंगणात एकटीच उभी होती, रिकामी आणि स्वच्छ. मी शालनसारखा तो फोटो मोठा केला. फळीच्या कडा फुगून फाटल्या होत्या, पॉलिशचे पापुद्रे निघाले होते, पाठीच्या पुठ्ठ्याला पोक आला होता. नवी नव्हे, वापरून वापरून जुनी झालेली खुर्ची, कुणीतरी घासून धुतलेली. खाली सिस्टरने लिहिलं होतं: बराका गेल्या आठवड्यात गेला. मलेरिया. छाती शेवटपर्यंत स्वच्छ होती. त्याच्या आजीने खुर्ची पाण्याने धुऊन ठेवली आहे आणि विचारते आहे की आता कुणाला द्यायची. हे मामा शालनने सांगायचं असतं, ती नाही तर तिच्या माणसांनी, असं तिचं म्हणणं आहे.

आजोबा दाराशी उभे होते. मी त्यांना वाचून दाखवलं. ते आत आले आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसले. म्हणाले, "लिही. ती म्हातारी वाट बघत असेल." मी एका बोटाने टाइप केलं, शालनची वहिनी म्हणून. खुर्ची वाळली की पुढच्या मुलाला द्या, कोणत्या ते आजीनेच ठरवावं. घरात पीठ शिल्लक असेल तर कडांना खळ लावून घ्या. आणि त्या मुलाच्या आईला सांगा, भिजू दे.

मग फोन पुन्हा चार्जरला लावला आणि खिडकीत ठेवला.